सोन्याच्या मोहरा आणि मजुराचा दिवस

दिवाळीला आमच्या सुरतेत चोपडापूजन होते. कोऱ्या वहीवर कुंकवाने 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले जाते. गेल्या वर्षीचा हिशेब मिटतो, नव्याचा मांडला जातो. अशा हिशेबी गावात राहून एका बिनहिशेबी खेळाविषयी लिहिणे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. पण त्या खेळाने उभा केलेला प्रश्न केवळ मुलांचा नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. आता तो आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही पोचला आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक होतात. फासे टाकायचे, गुहेत शिरायचे, राक्षसाला मारायचे आणि सोन्याच्या मोहरा घेऊन गावात परत यायचे. त्या मोहरांनी काय काय विकत घेता येते याचे भावपत्रक खेळाच्या पुस्तकात छापलेले असते. या भावांवर खेळणारी मंडळी हिरीरीने वाद घालतात. हे भाव खऱ्या इतिहासाला धरून असावेत की नसावेत, हा त्यांचा वाद.

प्रथमदर्शनी हा वाद पोरकट वाटतो. जिथे आग ओकणारा राक्षस चालतो, तिथे गव्हाचा भाव चुकला तर काय बिघडले? परंतु राक्षस हा आपले खोटेपण स्वतःच जाहीर करतो. भाव तसे करीत नाही. राक्षस नसतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. गव्हाचा खोटा भाव मात्र खरा म्हणून मनात मुकाट्याने जाऊन बसतो.

या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतले भावपत्रक पाहू. साध्या मजुराची रोजची मजुरी दोन चांदीची नाणी, म्हणजे तांब्याची वीस. एक पौंड गहू तांब्याच्या एका नाण्याला. म्हणजे मजुराला दिवसाकाठी वीस पौंड, सुमारे नऊ किलो गहू मिळतो. कोंबडी दोन तांब्याला; तेव्हा तो रोज दहा कोंबड्याही घेऊ शकतो. आणि जखम भरून आणणारे औषध? पन्नास सोन्याची नाणी. त्याच मजुराचे अडीचशे दिवस.

आता आपला इतिहास. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त सोळाव्या शतकाच्या अखेरचे भाव आणि मजुरीचे दर दिलेले आहेत. गहू मणाला बारा दाम, तूप मणाला एकशे पाच दाम, पांढरी साखर एकशे अठ्ठावीस दाम. अकबरी मण सुमारे पंचवीस किलोचा आणि अगदी साध्या मजुराची मजुरी दिवसाला दोन दाम. हिशेब केला की दिसते, त्या माणसाला दिवसाला चार किलोच्या आसपास गहू मिळत होता. काल्पनिक जगातल्या मजुराच्या निम्म्याहून कमी. किलोभर तुपासाठी दोन दिवस राबावे लागे, किलोभर साखरेसाठी अडीच दिवस. आज साधा मजूर एका दिवसाच्या मजुरीत कितीतरी किलो साखर घरी नेऊ शकतो.

हे आकडे मांडल्यावर एक गोष्ट लक्षात येते. खोटे भाव केवळ परदेशी खेळात नाहीत, ते आपल्या घरातही आहेत. 'पूर्वी रुपयाला मणभर धान्य येई, काय ती स्वस्ताई!' असे आपण म्हणतो. रुपयाला किती मण हे आपण सांगतो. तो रुपया मिळवायला किती दिवस घाम गाळावा लागे हे सांगत नाही. चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे त्या मजुराचे वीस दिवस! स्वस्ताई होती ती ज्याच्या कनवटीला रुपया होता त्याच्यासाठी.

आमच्या सुरतेचेच पाहा. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली. विरजी व्होराची पेढी, सोने, मोती यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. पण त्या पेढ्या मुळात श्रीमंत का झाल्या? मिरी मलबारात स्वस्त आणि बाहेर महाग, कापड गुजरातेत स्वस्त आणि समुद्रापलीकडे महाग. या फरकावर सुरतेचे बंदर उभे होते. विरजी व्होरा बाजारातली मिरी एकगठ्ठा उचलून भाव हातात ठेवतो, ही इंग्रज वखारवाल्यांची तक्रारच होती. खेळाच्या पुस्तकात मात्र मिरीचा भाव सगळीकडे एकच. तसे असते तर सुरत वसलीच नसती.

आणि १६३० ते ३२ चा दुष्काळ! गुजरात त्याला 'सत्याशियो काळ' म्हणते. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या काळात सुरतेहून आग्र्याला गेला. वाटेवर त्याला प्रेतेच प्रेते दिसली. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी चांदी वितळून तिचे रुपये पडत होते, आणि माणसे दाण्यावाचून मरत होती. छापील भावपत्रकात असा दुष्काळ कधी येत नाही.

गायगॅक्सच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले भाव चढे का आहेत याचे कारण त्याने दिले होते. वीर लोक सोन्याच्या राशी गावात आणतील तर भाव भडकणारच, जसे अलास्कात सोने सापडल्यावर भडकले, असे त्याचे म्हणणे. हे अर्थशास्त्र खरे आहे. १३२४ साली मालीचा राजा मनसा मुसा हजच्या वाटेवर कैरोत उतरला. त्याने इतके सोने वाटले की तिथे सोन्याचाच भाव पडला. मग नैतिक प्रश्न असा उरतो : वीराने आणलेल्या सोन्याने भाव चढले, पण मजुरी तीच राहिली, तर त्या विजयाची किंमत कोणी मोजली? गुहेत पाऊलही न टाकलेल्या मजुराने.

माझ्या मते कल्पनेला निसर्गाचे नियम मोडण्याची मुभा आहे. माणसाचे कष्ट पुसून टाकण्याची मुभा मात्र नाही. इतिहासाशी प्रत्येक आकडा जुळलाच पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही. तो पंडिती हट्ट होईल. पण ज्या जगात तलवार आहे, त्या जगात लोहार आहे. जिथे मेजवानी आहे, तिथे शेतकरी आहे. त्यांच्या दिवसाला तिथे काही मोल असले पाहिजे.

खानदेशातून सुरतेला येऊन यंत्रमागावर राबलेल्या माणसांची मुले आमच्या शाळांत शिकतात. त्यांनी असे खेळ जरूर खेळावेत. फक्त प्रत्येक मोहरेपाशी एक प्रश्न विचारावा : हे कोणाचे किती दिवस? 'भाव' हा शब्द मराठीत आहे, गुजरातीतही आहे, आणि दोन्हीकडे त्याचे दोन अर्थ आहेत. एक बाजारातला, दुसरा मनातला. पहिला समजून घेताना दुसरा जागा राहिला, तर तो खेळ शाळेतल्या तासाइतकाच उपयोगी पडेल.