मीठ कोणी कोणाचे खाल्ले?

कृतज्ञता हा सद्गुण आहे याबद्दल धर्माधर्मांत फारसा वाद नाही. अंगुत्तर निकायात बुद्धाने जगात दुर्मीळ अशी दोन माणसे सांगितली आहेत: आपणहून आधी उपकार करणारा, आणि झालेला उपकार जाणून तो फेडणारा. वैदिक परंपरेने तर माणसाला जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणको ठरवून टाकले. रोजच्या बोलण्यात हाच विचार मिठापर्यंत खाली उतरतो. खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याला आपल्याकडे चोरापेक्षाही हलका मानतात. मग ज्या लोकप्रतिनिधीने वर्षानुवर्षे आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याला मतपेटीतून घरी पाठवणे ही कृतघ्नता नव्हे काय? निवडणुकीच्या धामधुमीत हा प्रश्न बहुधा हुंदक्याच्या रूपाने येतो, युक्तिवाद म्हणून क्वचितच. तो युक्तिवाद म्हणून तपासायचा तर उदाहरण असे हवे की जिथे पदावरच्या माणसाला खलनायक ठरवून सुटका करून घेता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत 2014 आणि 2016 साली झालेल्या दोन लढती तशा आहेत.

माइक होंडा यांचा जन्म 1941 चा. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत हे तान्हे मूलही होते. कोलोरॅडोतल्या अमाची छावणीत त्याचे बालपण सुरू झाले. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियाला परतले आणि सॅन होजेत वाट्याने स्ट्रॉबेरीची शेती करू लागले. होंडा शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले आणि 2000 साली अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. 11 सप्टेंबर 2001 नंतर मुसलमान आणि शीख यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा छावणीची आठवण देत त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत ते होते. महायुद्धात जपानी लष्कराने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांची जपानने माफी मागावी, हा 2007 चा ठराव त्यांनीच आणला. जपानी वंशाच्या माणसाने तो आणावा याचे नैतिक वजन वेगळे सांगायला नको. 2010 च्या जनगणनेनंतर त्यांच्या मतदारसंघाची फेरआखणी झाली आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा आशियाई वंशीयांची बहुसंख्या असलेला तो पहिला मतदारसंघ ठरला. अशा ठिकाणी, अशा माणसासमोर, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे रो खन्ना उभे राहिले. वय सदतीस-अडतीस, पेशाने वकील, ओबामा सरकारच्या वाणिज्य खात्यात काम केलेले. गंमत अशी की खुद्द ओबामांनी 2014 मध्ये पाठिंबा दिला तो होंडांना. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत प्रायमरीतले पहिले दोघे पक्ष न पाहता नोव्हेंबरात आमनेसामने येतात, त्यामुळे ही घरातली भांडणे थेट अंगणात झाली. पहिल्यांदा होंडा सुमारे 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी तगले. दोन वर्षांनी खन्ना सुमारे 61 विरुद्ध 39 टक्क्यांनी जिंकले. कार्यालयाचे काम आणि प्रचार यांची सरमिसळ केल्याच्या आरोपावरून होंडांची तेव्हा सभागृहात चौकशी चालू होती, हेही निकालात उतरले असणार. पण लढत त्या आरोपाच्या आधीच सुरू झाली होती, आणि आपला प्रश्न आरोपाशिवायही उरतोच.

खन्नांची ही पहिली आगळीक नव्हती. 2004 साली, जेमतेम सत्ताविशीत, ते जवळच्या मतदारसंघात टॉम लँटोस यांच्याविरुद्ध उभे राहिले होते आणि सपाटून हरले होते. लँटोस म्हणजे हंगेरीतून आलेले, नाझींच्या संहारातून वाचलेले आणि अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले तसे एकमेव गृहस्थ. एकाच तरुणाने आधी ज्यूसंहारातून वाचलेल्याला आणि नंतर नजरकैदेतून आलेल्याला आव्हान द्यावे, यात वरवर पाहता एक उद्धटपणा दिसतो. मात्र 2004 चा मुद्दा इराक युद्धाचा होता आणि लँटोस यांनी युद्धाच्या बाजूने मत दिले होते. ज्याने यातना भोगल्या, त्याचे युद्धाविषयीचे मत आदराने ऐकावे, हे खरे. त्याला कोणी उत्तरच देऊ नये, असे मात्र त्या यातनांतून निघत नाही.

आता मिठाकडे वळू. लोक प्रतिनिधीचे मीठ खातात असे जे आपण गृहीत धरतो, तिथेच हिशेब उलटा मांडलेला असतो. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याचा वार्षिक पगार 1,74,000 डॉलर आहे आणि तो करदात्यांच्या खिशातून जातो. कार्यालय, कर्मचारी, प्रवास हे सारे निराळेच. मीठ लोकांचे आहे, ते खाल्ले आहे प्रतिनिधीने. जागायचे कोणी हे मग वेगळे सांगायची गरज उरत नाही. यावर कोणी म्हणेल, की हा कारकुनी हिशेब झाला. होंडांनी जे केले ते पगाराच्या मोबदल्यात मोजता येत नाही. मान्य. पगाराच्या पलीकडचे जे असते त्यालाच उपकार किंवा दान म्हणायचे. पण दानाविषयी गीतेच्या सतराव्या अध्यायात एक मर्मभेदक फरक केला आहे. जो परतफेड करू शकणार नाही, त्याला केवळ द्यायला हवे म्हणून दिलेले दान सात्त्विक. परत काही मिळेल या आशेने दिलेले राजस. म्हणजे होंडांची सेवा जितकी उंच मानावी, तितका तिच्या बदल्यात मत मागण्याचा हक्क कमी होत जातो. ती खरेच दान असेल तर तिची किंमत वसूल करता येत नाही, आणि वसूल करायची असेल तर ती दान उरत नाही, व्यवहार होतो. व्यवहारात तर दर दोन वर्षांनी करार संपतो, हे दोन्ही पक्षांना पहिल्या दिवसापासून माहीत असते.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. देणाऱ्याने परतफेडीची आशा धरू नये, हा देणाऱ्याचा धर्म झाला. घेणाऱ्याने तरीही फेड करावी, हा घेणाऱ्याचा. बुद्धाची ती दोन दुर्मीळ माणसे वेगवेगळी आहेत, आणि पहिल्याच्या निरपेक्षतेमुळे दुसऱ्याला सूट मिळत नाही. मतदाराने ऋण मानलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्याचे हे सर्वात बळकट म्हणणे आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप फक्त नाण्याला आहे. कर्ज फेडायचे ते स्वतःच्या पैशातून. विश्वस्ताने आपले खासगी देणे देवस्थानच्या पेटीतून चुकते केले, तर त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक कोणी करणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलने 1861 साली मत ही मालमत्ता नसून विश्वस्तनिधी आहे असे मांडले. त्यावरून मतदान उघडच व्हावे, असा जो निष्कर्ष त्याने काढला तो पुढे जगाने नाकारला, आणि बरे केले. पण पायाचा दगड पक्का आहे. सिलिकॉन व्हॅलीत तर हा सिद्धान्त चक्क अंकगणित होऊन समोर येतो. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना नागरिकांच्या किंवा मतदारांच्या संख्येवर नव्हे, तर सगळ्या रहिवाशांच्या संख्येवर वाटल्या जातात; चौदाव्या घटनादुरुस्तीची भाषाच तशी आहे. त्या दशकात एका मतदारसंघात सरासरी सात लाखांहून थोडी अधिक माणसे होती. त्यांत मुले होती, आणि मतदानाचा हक्क नसलेले परदेशी नागरिकही होते. सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट ही नावे पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत वडगाव आणि विलेपार्ले यांच्याइतक्याच सहजपणे उच्चारली जातात. तिथे एच-वन-बी व्हिसावर काम करणारा मराठी अभियंता कर भरतो, त्याची मुले तिथल्या शाळेत जातात, आणि नोकरीच्या आधारे दरवर्षी दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला सात टक्क्यांहून अधिक द्यायची नाहीत, या नियमापायी तो वर्षानुवर्षे रांगेत उभा असतो. त्या रांगेचे काय करायचे हे ठरते काँग्रेसमध्ये, आणि तिथे कोणाला पाठवायचे हे ठरवण्यात त्याला मत नाही. त्याचे मत शेजारच्या नागरिकाच्या हातात आहे. त्या शेजाऱ्याने ‘होंडांनी आमच्या पिढीसाठी खूप केले’ एवढ्याच कारणाने शिक्का मारला, तर त्याने आपले ऋण दुसऱ्याच्या ठेवीतून फेडले असे होते.

याचा अर्थ गतकाळ पुसून टाकावा असा नाही. सोळा वर्षांची कारकीर्द ही पुढे काय होईल याचा पुरावा असते, आणि पुरावा म्हणून तिचे वजन मोठे असू शकते. संकटात कोण कुठल्या बाजूला उभा राहिला हे माहीत असणे फार मोलाचे. अमेरिकी काँग्रेसमध्ये ज्येष्ठतेला समित्यांत किंमत असते, आणि होंडा खर्चाला मंजुरी देणाऱ्या महत्त्वाच्या समितीवर होते. नवख्याला तिथे पोचायला वर्षे जातात. हा युक्तिवाद मला रास्त वाटतो, कारण तो पुढे बघतो. पण पुरावा आणि कर्ज यांच्यात फरक असा, की पुराव्याला उलटतपासणी लागते आणि कर्जाला फक्त स्मरण. कर्जाची भाषा वापरली की आव्हान देणाराच बेअदब ठरतो आणि तपासणी सुरू होण्याआधीच संपते. दोन्ही उमेदवारांची मते जवळपास सारखीच होती, मग हा खटाटोप कशाला, असेही तेव्हा विचारले गेले. मते सारखी असतील तर निवड कामाची होते. उलट मुख्य लढत एकाच पक्षात असलेल्या ठिकाणी हीच एक तपासणी शिल्लक राहते.

आता आव्हान देणाऱ्याकडे. त्याची महत्त्वाकांक्षा हा आक्षेप मला किरकोळ वाटतो. निष्काम कर्म ही साधकाने स्वतःला लावायची कसोटी आहे. ती प्रतिस्पर्ध्याला लावणे हा एक जुना आणि सोयीचा खेळ आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिताना मॅडिसनने तर एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेचाच लगाम घालावा, असे सुचवले. शिवाय सोळा वर्षे खुर्ची न सोडणे म्हणजे निरिच्छपणा आणि ती मागणे तेवढी लालसा, हे कुठल्या शास्त्रात बसते? आपल्या परंपरेत वानप्रस्थाची कल्पना आहे ती याच कारणाने: नातवंडाचे तोंड पाहिल्यावर घराच्या किल्ल्या कोणीतरी दुसऱ्याने मागण्याआधी आपणच सोपवाव्यात. राजकारणात वानप्रस्थ ऐच्छिक आहे आणि म्हणूनच जवळजवळ अस्तित्वात नाही. पैशाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. खन्नांच्या पाठीशी तंत्रज्ञान क्षेत्रातले बडे धनिक उभे होते, आणि त्यांच्यावर तेव्हा सर्वांत जोरकस टीका याच मुद्द्यावर झाली. ही टीका माझ्या युक्तिवादाला छेद देत नाही, तो दुधारी करते. मतदाराने मत वापरून ऋण फेडू नये, तसेच निवडून आलेल्याने सभागृहातले मत वापरून देणगीदारांचे ऋण फेडू नये. पहिले मीठ नाकारणाऱ्याने दुसरे मीठ गुपचूप खाल्ले तर त्याला खुर्चीवर बसवण्यात काय साधले, हा प्रश्न त्याला दर दोन वर्षांनी विचारायचा.

आणखी एक भीती उरते: सेवेचे चीज होत नाही असे दिसले तर पुढे सेवा करील कोण? या प्रश्नाला आपल्याकडे दिले गेलेले उत्तर इतके नेमके आहे की ते आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी, देशासाठी आयुष्य वेचलेल्या थोरांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही हे आधी मान्य केले आणि मग कृतज्ञतेला मर्यादा घातल्या. आयरिश नेता डॅनियल ओकॉनेल याचा दाखला देऊन ते म्हणाले, की स्वातंत्र्य गहाण टाकून कोणतेही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. भक्ती आत्म्याच्या मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात ती अधोगतीची वाट आहे, हाही इशारा त्याच भाषणातला.

या विचाराची सर्वात कठोर परीक्षा मात्र खुद्द त्यांच्यावरच झाली. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत काँग्रेस पक्षाच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. हे वाचताना आजही मराठी माणसाला खंत वाटते, आणि वाटते ती कृतघ्नतेचीच. पण त्या मतदारांचे नेमके काय चुकले याचा शोध घेतला तर ऋण बुडवले हे उत्तर मला पटत नाही. हिंदू कोड बिल अडले म्हणून मंत्रिपद सोडणारा, सभागृहात कोणाचीही भीड न धरणारा माणूस पुढच्या पाच वर्षांत लोकसभेत काय करील, याचा पुरावा समोर असून त्यांनी तो वाचला नाही; चूक असलीच तर ती ही होती, आणि तीही पक्षांच्या गणितात आणि दोन सदस्यांच्या त्या विचित्र मतदारसंघात अर्धी हरवलेली. ऋण म्हणाल तर ते मतपेटीच्या बाहेर फेडले जात राहिले. दर 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते, खेड्यापाड्यांतून स्वखर्चाने आलेली माणसे तासन्‌तास उभी राहतात आणि तिथून परतताना पुस्तके विकत घेऊन जातात. त्या रांगेच्या कडेने सगळ्या पक्षांचे फलकही लागतातच म्हणा. पण रांगेतली माणसे ते पाहायला आलेली नसतात.