राणीच्या हारातली वीज

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे मला तिथे तीन वर्षं नोकरी केल्यावर कळलं. तेही भाडेकराराच्या कागदावर वाचून. तोवर मुळशी म्हणजे ताम्हिणीच्या वाटेवरचं मोठं पाणी, भाजलेलं कणीस आणि मागे धुकं असलेला फोटो.

मध्यंतरी एका शनिवार-रविवारी मुंबईला गेलो. दुपारभर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात होतो. युरोपियन चित्रांच्या दालनात एका चित्रापुढून पाय निघेना. चित्रकाराचं नाव विसरलो, पण बाईच्या बाहीवर पडलेला उजेड अजून डोळ्यांसमोर आहे. खाली पाटी होती : टाटा संग्रह. संध्याकाळी मलबार हिलवरून मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागताना पाहिले. मी फोन काढला, तर सोबतची मैत्रीण म्हणाली, "तुमच्या मुळशीची वीज बरं का."

मी हसलो. मग परतीच्या गाडीत वाचत बसलो.

16 एप्रिल 1921, रामनवमी. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनी मुळा नदीवर धरण बांधत होती आणि त्या दिवशी मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. 1924 पर्यंत लढा संपला, पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. अडवलेलं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडून 1927 पासून वीज तयार होऊ लागली. आणि सत्याग्रह चालू असतानाच, जानेवारी 1922 मध्ये, ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं होतं.

आता हा हिशोब कसा करायचा? टाटांनी चित्रं स्वतःच्या बंगल्यात न ठेवता लोकांना दिली, म्हणून माझ्यासारख्याला ती तिकीट काढून पाहता आली. हे औदार्य खरंच आहे. विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या, लाखोंची पोटं भरली, हेही खरं. पण दोन्ही खऱ्या गोष्टी मुळशीच्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाहीत. चांगल्याने वाईट फिटतं असं म्हणायचं, तर फेड ज्याचं गेलं त्यालाच मिळायला हवी. मोबदलासुद्धा बराचसा जमिनीचे कागद ज्यांच्याकडे होते त्या सावकारांना मिळाला. कसणाऱ्याला जमीनच हवी होती.

मित्र म्हणतो, असं खणत बसलास तर ताजमहालही पाहता येणार नाही. बरोबर आहे त्याचं. शिवाय आज ग्रिडमध्ये कुठल्या दिव्यात कुठली वीज, हे कोण सांगणार? पण 'सगळंच डागाळलेलं आहे' हे वाक्य मला फार सोयीचं वाटतं. ते म्हटलं की कुठल्याच एका डागाकडे बघावं लागत नाही. चित्र पाहू नये असं मी म्हणत नाही. तो उजेड सुंदरच होता, माहिती कळल्यावरही तो कमी झाला नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. सौंदर्याला हिशोब कळत नाही. तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

आणि मुंबईला कशाला नावं ठेवू? माझ्या फोनमध्ये मुळशीच्या तलावाचे चाळीसेक फोटो आहेत. त्या पाण्याखाली शेतं आहेत.

पुढच्या रविवारी ऑफिसचा ग्रुप तिकडेच निघालाय. मी येतो म्हणून कळवलंय. फोटोखाली काय लिहायचं, ते अजून ठरत नाहीये.