सहज त्या वाटेने



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपण अर्धा तास तरी बोलत उभे राहतो. ही भेट ठरलेली असते. कोणी कोणाशेजारी उभे राहायचे हेही जवळजवळ ठरलेलेच! आज लिहायचे आहे ते न ठरलेल्या भेटींविषयी. पिंपरी स्टेशनचा बाक, आंबेडकर चौकातला बसथांबा, मोरवाडीतली चहाची गाडी, दवाखान्यातली केसपेपरची रांग. अशा ठिकाणी कोणीतरी शेजारी येते, चार शब्द होतात, नाव-गाव विचारायचे राहून जाते. आणि तरीही घरी गेल्यावर आपण आवर्जून सांगतो, "आज लोकलमध्ये एक बाई भेटल्या होत्या..."

अशा भेटी इतक्या का आवडतात? मला वाटते, तिथे आपण कोणीच नसतो. घरी आपण कोणाचे तरी वडील किंवा सासूबाई असतो, कंपनीत सुपरवायझर, चर्चमध्ये कमिटीचे सभासद. हे सगळे अनोळखी माणसासमोर खाली ठेवता येते. मुलगा दहावीला नापास झाला हे सख्ख्या भावाला सांगताना जीभ अडखळते. पण तळेगावला उतरून जाणाऱ्या माणसाला सांगताना काही वाटत नाही.

आपले शहर तर अशा भेटींवरच उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल. मूळ गावकरी सोडले तर इथे जो तो बाहेरून आला. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे कॅम्पात आली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को आणि बजाज आल्या, आणि १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. आपल्यापैकी कितीतरी जण नगर जिल्ह्यातून आले, कोणी गोव्यातून, कोणी मंगळूरहून, कोणी केरळातून. खोली कुठे मिळेल, कोणत्या गेटवर भरती आहे, मिस्सा कुठे होते, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले? बहुतेकांना रस्त्यावरच्या कोणा अनोळखी माणसाने! त्याचे नाव आज आठवत नाही.

आपल्या भाषेनेही या अनोळखी माणसासाठी घरात जागा करून ठेवली आहे. दादा, ताई, मावशी, काका असे नाते लावल्याशिवाय आपण साधी वाटही विचारत नाही. (आपल्या शहरात 'दादा' या शब्दाला आणखीही अर्थ आहेत, ते सोडून देऊ.) आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. त्या गर्दीत जो भेटेल तो 'माउली' असतो. ओळख नसताना आई म्हणायचे, ही काही लहान गोष्ट नाही.

आता प्रश्न येतो आपल्या श्रद्धेचा. अशी भेट झाली की आपण म्हणतो, "देवानेच भेट घडवली." मीही म्हणतो. पण हे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. मग जी माणसे भेटली आणि फसवून गेली, त्यांनाही देवानेच पाठवले का?

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. यरुशलेमहून यरिहोकडे उतरणारी ती वाट सुमारे २७ किलोमीटरची. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला माणूस तिथे पडला आहे. एकतिसाव्या ओवीत प्रभू सांगतो की एक याजक त्या वाटेने सहज, योगायोगाने चालला होता. मूळ ग्रीकमध्ये इथे जो योगायोगाचा शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. आणि तो कोणाच्या बाबतीत आला, पाहा! मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या नव्हे, तर बाजूने निघून गेलेल्या याजकाच्या. योगायोग याजकालाही मिळाला होता. लेवीलाही मिळाला. ही भेट कोणी घडवली, याचा खुलासा प्रभू करीत बसत नाही. भेट झाल्यावर कोण थांबले, एवढेच विचारतो.

मग माणसे थांबत का नाहीत? १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन सेमिनरीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. काहींना विषय दिला होता हाच शोमरोन्याचा दाखला! वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना "उशीर झाला, लवकर जा" असे सांगितले होते, त्यांच्यातले फक्त १० टक्के. दाखल्यावर बोलायला निघालो आहोत, याने फारसा फरक पडला नाही. माणसे वाईट नव्हती, त्यांना वेळ नव्हता.

२०२० सालच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी एक संपूर्ण प्रकरण या दाखल्याला दिले आहे. त्यात ते म्हणतात की आपल्या प्रत्येकात जखमी माणसाचे, लुटारूचे, निघून जाणाऱ्यांचे आणि शोमरोन्याचेही काही ना काही असते. हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

मेट्रोत सगळे कानात वायरी घालून बसतात, अशी तक्रार आपण करतो. खरी आहे, पण मोबाइलला दोष देऊन मला सुटता येत नाही. १९९० च्या सुमाराला मोबाइल कोणाकडेच नव्हता. मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर एक माणूस बसला होता, घामाने भिजलेला. तो म्हणाला, "दादा, जरा पाणी देता का?" माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी म्हणालो, "गाडी आली हो," आणि उतरलो. गाडी खरोखरच आली होती. पाच मिनिटे उशीर झाला असता तर अर्ध्या दिवसाची रजा लागली असती, एवढेच. डब्याच्या दारातून वळून पाहिले तर एक भाजीवाली बाई डोक्यावरची टोपली पायरीवर उतरवून त्याच्याजवळ वाकली होती.

पुढे आठवडाभर मी कामाला लवकर निघून त्याच पायऱ्यांवरून जात होतो. पुलाखाली भाजी घेऊन बसलेल्या चार-पाच बाया असत. त्यांच्यापैकी ती कोणती, मला ओळखता आले नाही. मी तिची टोपली तेवढी पाहिली होती.