नरक्या
आमच्या सह्याद्रीत नरक्याला कुणी हात लावत नसे. लाकडाला घाण वास, चुलीतसुद्धा नको. हा वासच त्याचं कुंपण. १९७२ साली संशोधकांना त्यात कॅम्प्टोथेसिन सापडलं. कर्करोगावरची काही औषधं यापासूनच बनतात. मग पोती भरभरून नरक्या डोंगर उतरला. १९९१ साली वन्यजीव कायद्यानं सहा वनस्पतींना संरक्षण दिलं. त्यांत नरक्या नव्हता.

तुम्ही म्हणाल, औषध नको का? हवंच. पण झाड मुळासकट गेलं तर उद्याच्या रोग्याला काय देणार? संशोधनानं रोपंही वाढवावीत, कायद्यानं ओरबाडणारा हात धरावा. आणि ज्याचा उपयोग अजून कळलेला नाही, तेही झाड राखावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण उपयोग विचारून भाकरी वाढतो का?