पांढऱ्या चेंडूचं प्रारब्ध

कॅरम हा फार दयाळू खेळ आहे. तुम्ही कितीही वेडावाकडा फटका मारा, स्ट्रायकर चारी कडांना टाळी देत कुठेही जाऊन बसो. पुढच्या फटक्याला त्याला उचलायचं आणि पुन्हा रेषेवर हव्या त्या जागी ठेवायचं. मागचं सगळं माफ! दर फटक्याला नवा जन्म, आणि तोही जागा निवडून! गणपतीच्या मांडवामागे, चाळीच्या गच्चीवर, वाड्याच्या जिन्याखाली हा खेळ आपल्या लोकांनी इतका आपलासा का केला, याचं मूळ या माफीत असावं असं मला वाटतं.

पूल नावाचा खेळ असा मायाळू नाही. भोरला आमचा भाचा राहतो. त्याच्या घराजवळ पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथे आता हिरव्या कापडाचं एक टेबल येऊन बसलं आहे. पूर्वी त्या जागेतून माणसं पांढरी होऊन बाहेर पडत. आता बोटांना खडूची निळाई लावून पडतात. खेळाचा नियम वरवर सोपा. काठीनं फक्त पांढऱ्या चेंडूला मारायचं, त्यानं जाऊन रंगीत चेंडूला भोकात घालायचं आणि स्वतः मात्र पडायचं नाही. म्हणजे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं. खरी गंमत पुढेच आहे. पांढरा चेंडू जिथे थांबेल तिथूनच तुमचा पुढचा फटका. त्याला उचलून ठेवायची सोय नाही. चुकून तो भोकात पडलाच तर तो उचलून हवा तिथे ठेवायची मुभा मिळते, पण समोरच्याला! नवा जन्म आहे, पण शेजाऱ्याच्या घरात.

हा खेळ साहेबाचा, आपल्याला त्याचं काय, असं म्हणून चालणार नाही. याचा भाऊबंद जो स्नूकर, तो जन्मला जबलपूरला, १८७५ साली, फौजेच्या मेसमध्ये. आणि १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय विल्सन जोन्स यांचा जन्म आपल्या पुण्याचा. १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा मिळवलं. अशा खेळाडूंची नजर पडणाऱ्या चेंडूवर जेवढी असते, तेवढीच आपला चेंडू कुठे थांबेल यावर असते. चेंडू घालणं ही अर्धीच विद्या. उरलेली अर्धी म्हणजे पुढच्या फटक्याची जागा.

आमचे तात्या वेल्ह्याचे, तोरण्याच्या पायथ्याचे. निवृत्त शिक्षक. कचेरीच्या कामासाठी भोरला आले, की भाच्यासाठी त्या टेबलापाशी पाच मिनिटं टेकतात आणि दोन तास बसतात. हा मुद्दा त्यांना लगेच पटला. म्हणाले, "कळलं! नुसता तोरणा घेऊन भागत नाही. तोरणा घेतानाच राजगडाचा डोंगर डोळ्यासमोर हवा." एवढ्या कमी शब्दांत ही विद्या कुणी सांगितली असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे कर्माचे तीन प्रकार सांगतात : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आधीच्या साऱ्या फटक्यांची बेरीज ते संचित, चेंडू आत्ता जिथे थांबलाय ते प्रारब्ध आणि हातातली काठी हे क्रियमाण. टेबलाच्या मधोमध चेंडू असला, की क्रियमाण जोरात असतं. वर मारा, चेंडू पुढे धावेल. खाली मारा, मागे येईल. बाजूला मारा, गिरकी घेईल. माणसाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत.

पण चेंडू कडेच्या रबरी पट्टीला चिकटला, की तत्त्वज्ञान बदलतं. या पट्टीला कुशन म्हणतात. एरवी कुशन ही टेकायची वस्तू. इथे टेकलात की संपलात! चेंडू सुमारे सत्तावन्न मिलिमीटरचा आणि पट्टीची धार त्याच्या मध्याहून वर, जवळजवळ छत्तीस मिलिमीटरवर. म्हणजे काठीला दिसतो तो फक्त वरचा दोन बोटांचा तुकडा. खालून मारणं बंद, म्हणून चेंडू मागे खेचणंही बंद. काठी उचलून मारावी, तर नेम केसभर ढळला की चेंडू वाकडा वळतो. जोर लावावा, तर रंगीत चेंडूमागोमाग पांढराही भोकाकडे धाव घेतो. जाणकार म्हणतात, अशा वेळी मोठेपणा करू नये. काठी शक्य तितकी आडवी ठेवावी, हळू मारावं, आणि पहिलं काम कडेपासून सुटण्याचं.

हे ऐकून तात्या म्हणाले, "आरं, पण त्याला कडेला नेऊन ठेवला कुणी?"

"समोरच्यानं, तात्या. मुद्दाम ठेवतात. आपल्याला घालता येत नसलं, तर दुसऱ्यालाही घालता येऊ नये म्हणून."

तात्या बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या आजोळचं शेत भाटघरच्या पाण्याखाली आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते धरण पुरं झालं. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे ऊस उभा राहिला. नेम अचूक लागला, यात शंका नाही. पण वेळवंडीच्या खोऱ्यातली माणसं डोंगराच्या कडेला लागली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, लोक कौतुकानं बघायला जातात. "आमचे मामा सावध, भित्रे, कधी धाडस न करणारे," असं घरातले म्हणायचे, ते तात्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. मग म्हणाले, "त्यांना दोन बोटंच जागा होती रे."

प्रश्न असा आहे, वाचकहो, की कडेच्या माणसाला मधल्या माणसाचा नियम लावावा का? वडील अकाली गेले म्हणून अठराव्या वर्षी कारकुनीला लागलेला थोरला मुलगा पुढे आयुष्यभर हळूच फटके मारतो, आणि त्याच्याच पैशांवर शिकलेला धाकटा म्हणतो, "दादाला महत्त्वाकांक्षाच नाही!" कडेला असलात म्हणून फटक्याची जबाबदारी सुटत नाही, हे खरं. चेंडू भोकात घातलात, तर दंड तुम्हालाच. पण त्या फटक्याची किंमत करताना चेंडूचा केवढा भाग मोकळा होता, हे आधी वाकून पाहायला हवं. टेबलाशी वाकल्याशिवाय ते दिसत नाही, आणि मधल्या जागेवरच्या माणसांना वाकायची सवय नसते.

आणि आपला फटका मधोमध असेल, तेव्हा तर पंचाईत अधिक. आपला चेंडू पडला म्हणून टाळ्या घेताना, आपण दुसऱ्याला कुठे सोडून आलो, याचाही हिशेब आपल्याच नावे मांडला जातो. कॅरमवाल्यांना ही कटकट नाही. पण संसाराच्या टेबलावर स्ट्रायकर उचलून रेषेवर ठेवू देणारा पंच अजून कुणाला भेटलेला नाही.