कावळा, फांदी आणि एडिटर

एडिटरला मराठीत संपादक म्हणतात. मासिकाचा संपादक कोसळला तर डॉक्टर येतो, गर्दी जमते, पुढेमागे विशेषांकही निघतो. प्रोग्रॅम लिहायचा एडिटर कोसळला तर यातलं काहीच होत नाही. पडद्यावरची खिडकी फट्‌दिशी मिटते. आणि माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो, 'हे कोणी केलं?' काय झालं, हे मागाहून. मला वाटतं, नीतिशास्त्रातला निम्मा घोळ या क्रमातच असावा.

आता बघा, एडिटर एकटा नसतो. त्याच्याकडे बिऱ्हाडकरू असतात. एक कंस जुळवतो, दुसरा स्पेलिंग तपासतो, तिसरा नुसतेच रंग भरतो. यांना प्लगिन म्हणतात. पुष्कळ एडिटरांत ही मंडळी मालकाच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे थेट माजघरात, नांदतात. एखाद्याने आपली नसलेली मेमरी चाचपली की ऑपरेटिंग सिस्टिम 'सेगमेंटेशन फॉल्ट' असा शेरा मारून अख्खी प्रोसेसच संपवते. पाऊल वाकडं पाहुण्याचं, आणि फाशी यजमानाला! व्हीएस कोडसारख्यांनी पाहुण्यांना निराळ्या प्रोसेसमध्ये, पडवीत ठेवलंय. यजमान असावा तर असा.

गुन्हेगार शोधायची एक शास्त्रोक्त रीत आहे. आधी सगळे बिऱ्हाडकरू बाहेर काढून एडिटर रिकामाच चालवायचा. तो चालला की मालक सुटला. मग निम्मे आत, निम्मे बाहेर. घर कोसळलं तर चोर आतल्यांत, नाहीतर बाहेरच्यांत. पुन्हा निम्मे. 32 प्लगिन असले तर पाच फेऱ्यांत निकाल. एवढा जलद न्याय आपल्या कुठल्याही कोर्टात मिळायचा नाही. मात्र त्यासाठी पहिल्याच फेरीत 16 जणांना घराबाहेर काढावं लागतं आणि त्यातले निदान पंधरा निरपराध असतात. प्लगिन बिचारे तक्रार करत नाहीत, म्हणून हे चालतं.

आमच्या कचेरीत तेवढाही धीर कोणाला नव्हता. सगळ्यांच्या मशिनवर प्लगिनची एकच यादी. एका सोमवारी सगळे एडिटर कोसळू लागले.

"शुक्रवारपर्यंत चालत होतं ना? मग नवीन काय आलं?" साहेबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हा!"

हा म्हणजे चार दिवसांपूर्वी रुजू झालेला मुलगा. "सर, मी फक्त रंग बदलायचं प्लगिन टाकलंय," तो म्हणाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, ही म्हण आपल्या पूर्वजांनी रचली खरी. पण तिचा उपयोग कावळ्याला कधी झाल्याचं ऐकिवात नाही. रंग काढले. एडिटर कोसळतच राहिला.

मग निम्मे-निम्मे केले. तर दोन्ही अर्धे सुरळीत! एकत्र आले की धरणीकंप. जावाजावांचं असतं तसं. एकेकटी बघाल तर गाय. अखेर एकेक काढून पाहिल्यावर कळलं. एक जुनं प्लगिन मजकुरात काही बदललं की लगेच सेव्ह करायचं. दुसरं, तेही जुनंच, सेव्ह झालं की फाइलीच्या डोक्यावर तारीख घालायचं. शनिवार-रविवारात ते स्वतःहून अपडेट झालं आणि तारखेबरोबर कितव्यांदा सेव्ह झालं तो आकडाही लिहू लागलं. आकडा लिहिला म्हणजे मजकूर बदलला. बदलला म्हणून पहिल्याने सेव्ह केला. सेव्ह झाला म्हणून दुसऱ्याने आकडा वाढवला. एडिटरला धाप लागेपर्यंत!

आता यात दोषी कोण? पहिलं सावध, दुसरं टापटिपीचं. शाळेत असती तर दोघांनाही बक्षीस मिळालं असतं. कोणतंही एक काढलं की सगळं ठीक, म्हणजे पुरावा दोघांविरुद्ध सारखाच. अपडेटवर ठपका ठेवावा, तर मोजणं हा काही गुन्हा नव्हे. मी हे सगळं साहेबांपुढे मांडत होतो, तोवर त्यांनी तारखेचं प्लगिन काढूनही टाकलं. दुसरं ते स्वतः वापरत होते.

मुलाचे रंग मात्र यादीत परत आले नाहीत. "मी सांगू का साहेबांना?" असं मी त्याला एकदा विचारलं.

"राहू द्या सर," तो म्हणाला, "पुन्हा कधी कोसळला तर?"