वाकळ कुणाची, टाके कुणाचे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या खुणेवरही बारा फूट पाणी. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर काही दिवस बाकीच्या महाराष्ट्रापासून तुटलं. रस्ता मोकळा झाल्यावर मदतीची रीघ लागली. ज्या गावांची नावंही इथे कुणी ऐकली नव्हती, तिथून टेम्पो आले. तांदूळ आले, बिस्किटं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या आणि कपड्यांची गाठोडी आली. गाठोड्यांत चांगलंचुंगलं होतं, तसंच उसवलेलं, विटलेलं, बिनबटणांचंही होतं. ‘आता जुने कपडे पाठवू नका’ अशी आवाहनं निघायला फार दिवस लागले नाहीत. शिरोळ आणि करवीर तालुक्यांत घराघरांपुढे चिखलानं जड झालेल्या अंथरुणांचे ढीग आधीच पडले होते, त्यांच्या शेजारी हे परगावच्या कपड्यांचे ढीग उभे राहिले.

अंथरुणांच्या त्या ढिगांत वाकळा होत्या. बाकीचा महाराष्ट्र जिला गोधडी म्हणतो ती आमच्याकडे वाकळ. तीही जुन्या कपड्यांचीच असते, आणि मला विचार करायला लावलं ते इथेच. नको झालेली साडी एका घरातून गाठोड्यात पडते आणि चारशे किलोमीटर जाऊन कचरा होते. तशीच नको झालेली साडी दुसऱ्या घरात वाकळीच्या पोटात जाते आणि पुढची वीस वर्षं तिच्याखाली माणसं झोपतात. दोन्हीकडे कापड सारखंच फुकटचं. फरक पडतो तो कुणीतरी त्यावर घातलेल्या दुपारींचा.

वाकळ घालायची म्हणजे आधी खाली अस्तराचं धडपं सुरकुती न ठेवता पसरायचं आणि चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचं. त्यावर धोतरं, चादरी, जुनेर यांचे थर. विरलेल्या जागी आतून तुकडा घालून पातळी सारखी करावी लागते, नाहीतर पुढे नेमका तिथेच खळगा पडतो. सगळ्यांत धड असलेलं लुगडं वर येतं. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो, एका ओळीशेजारी दुसरी ओळ, जेमतेम बोटभर अंतरानं. कुणी सरळ रेघा भरतं, कुणी चौकोनात चौकोन घेत आत आत जातं. दोरा ओढून घातला की कापड चुण्या धरतं आणि वाकळ आखडते. सैल ठेवला की पायाच्या बोटात, जोडव्यात अडकून तुटतो. हा हात सांगून येत नाही, बसून येतो. सुगी उरकल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, पाऊस लागायच्या आत हे काम निघतं, आणि ते एकटीनं निघत नाही. शेजारीण येते, पदर खोचते, समोरच्या कडेला बसते, दोन ओळी भरून देते. जाताना म्हणते, “माझी पुढल्या आठवड्यात काढायची हाय, येतीस न्हवं?”

शेतीत याला पैरा म्हणतात. तुझ्या रानात मी राबायचं, माझ्या रानात तू. मग यात उदारपणा कुठला, हा तर सरळ हिशेब झाला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. पैऱ्याचा हिशेब मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. समोरची किती ओळी भरून गेली ते कुणी मोजत नाही. जिला सुईत दोरा ओवता येत नाही इतकी नजर गेली आहे, तिच्या वाकळीलाही बायका बसतात आणि तिच्याकडून परत काही येणार नाही हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. तरी ‘आम्ही तुला मदत केली’ असं कुणी म्हणत नाही, कारण काम पैऱ्याच्या नावावर चाललेलं असतं. घेणारीची मान त्या नावामुळे खाली जात नाही. देण्याला व्यवहाराचं सोंग देऊन घेणाऱ्याची अब्रू राखायची, ही समज मला मोठमोठ्या दानशूरांत कमी दिसली आहे.

बाळाच्या दुपट्याची गोष्ट आणखी वेगळी. ते लहान, दोन-तीन थरांचं, आणि त्याला नवं कापड चालत नाही. नव्या कापडाची खळ नाजूक कातडीला बोचते, म्हणून शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं आजीचं सुती लुगडं शोधलं जातं. कुंची, टोपडं, दुपटं असा बाळंतविडा घरात जमतो, तो आत्या, मावशी, शेजारणी यांच्या हातचा. इथे जुनं असणं हीच कापडाची लायकी ठरते. आता अडचण अशी की तसं लुगडं घरात उरलेलं नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि नऊवारी लुगडी हा त्या गावाचा सुरुवातीचा मोठा माल होता. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली, २००३ मध्ये बंद पडली. आजच्या कपाटातल्या साड्या बहुतेक सिंथेटिक. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि वाकळ कितीही जुनी झाली तरी मऊ होत नाही. ती लवकर वाळते, एवढं मात्र खरं.

इथवर वाचून वाकळीभोवती बसलेल्या बायकांचं गोड चित्र डोळ्यांपुढे आलं असेल तर ते थोडं बिघडवायला हवं. त्या बैठकीत कोण बसायचं? आळीतल्या, भावकीतल्या, बहुतेक एकाच जातीच्या बायका. जुनं कापड गावात खालच्या वस्तीकडेही जायचं, पण ते पैऱ्यानं जात नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचं वस्त्र म्हणून मृतांची वस्त्रं सांगितली आहेत आणि शूद्र सेवकाला जीर्ण वस्त्रं द्यावीत असंही सांगितलं आहे. ते पोथीपुरतं राहिलं नाही. प्रेतावरचं कापड हा महारांचा ‘हक्क’ म्हणून गावगाड्यात धरला जात होता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये ते पुस्तक जाळलं गेलं, तेव्हा जे जळलं त्यात वस्त्रांच्या या ओळीही होत्या. म्हणून जुना कपडा देणं हा आपल्याकडे निरागस प्रकार नाही. घालून टाकलेलं वस्त्र पुढे करणारा हात वर आणि घेणारा हात खाली, ही मांडणी त्या कपड्याला चिकटून येते. २०१९ च्या गाठोड्यांकडे पूरग्रस्तांनी पाठ फिरवली तेव्हा ‘यांना नखरे सुचतात’ असं म्हणणारे भेटले. मला त्यात नखरा दिसला नाही. महापुरात घर गेलं म्हणून माणूस एका रात्रीत कुणाच्याही उतरलेल्या कपड्यांचा धनी होत नाही.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली, ती या प्रश्नाला भिडणारी संस्था. शहरातले जुने कपडे गोळा करायचे, निवडायचे, दुरुस्त करायचे आणि गावातल्या लोकांनी स्वतः ठरवलेल्या सार्वजनिक कामाचा मोबदला म्हणून द्यायचे, ही त्यांची पद्धत. जे नेसता येत नाही त्याच्या सुजनी, म्हणजे उत्तरेकडच्या वाकळा, शिवून घेतल्या जातात. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीतली मधली पायरी, निवडण्याची आणि शिवण्याची, आपल्या गाठोड्यांत नेमकी गायब असते.

त्या पायरीवर कोण राबतं आणि तिला काय मिळतं, हा पुढचा प्रश्न. गल्लीत हाक देत फिरून वाकळा शिवून देणाऱ्या बायका आमच्या पेठांतून येत असत, अजूनही क्वचित येतात. कापड घरचं, दोरा कधी घरचा कधी तिचा, आणि मजुरीवर घासाघीस ठरलेली. जी गृहिणी मंदिरात पावती फाडताना मागेपुढे पाहत नाही, ती पायरीवर बसलेल्या बाईशी वीस रुपयांसाठी वाद घालते. तिथे आपण सगळे एकदम काटेकोर होतो. शहरांतल्या दुकानांत गोधडी आता कलाकुसरीची वस्तू म्हणून हजारोंच्या किमतीला मांडलेली असते, त्या किमतीतला टाके घालणाऱ्या हाताचा वाटा मात्र चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. ‘मायेची ऊब’ हा शब्दप्रयोग मला अलीकडे खटकतो तो यासाठी. माया म्हटलं की मजुरी विचारायची सोय उरत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात विल्कॉक्स काउंटीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं या कारणावरून तिथल्या कुटुंबांचं काम जात होतं, राहती जागा जात होती. त्यांच्या गोधड्याही जुन्या कपड्यांच्या, झिजलेल्या कामाच्या पँटींच्या, आणि एकत्र बसून शिवलेल्या. त्यांनी त्याच शिवणीवर मजुरी उभी केली, मोठ्या दुकानांची कामं घेतली. त्याच देशात १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्यांसाठी स्मृतिगोधडी शिवली जाऊ लागली. एका माणसामागे तीन फूट बाय सहा फुटांचा, म्हणजे साधारण कबरीएवढा एक तुकडा. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. अनेक कुटुंबांनी ज्यांचं नाव घेणं टाकलं होतं, त्यांच्यासाठी अनोळखी माणसांनी सुई हातात घेतली. पैरा जिथे थांबतो, म्हणजे आळीच्या आणि जातीच्या वेशीवर, त्याच्या पलीकडे हे शिवणकाम गेलं. आमच्या वाकळीला तो पल्ला गाठता आलेला नाही, हे मान्य करायला हवं.

आपल्याच दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात, सिद्दी बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांची ही मंडळी, घरात कोकणी-मराठीच्या जवळची बोली. कवंदीच्या कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ऊब फुलांनी वाढत नाही. तरी घरच्यांनी पांघरायच्या चिंध्यांच्या गोधडीवर हा जादा वेळ घातला जातो, आणि दुसऱ्यासाठी काही करताना ‘चालून जाईल’ हा शब्द तोंडात येतो तेव्हा मला ती फुलं आठवतात.

कोल्हापूरला देता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत आलेली नाही. दहनाला लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक देतात. होळी लहान करा आणि शेणी दान करा, असं आवाहन दरवर्षी होतं, तालमी आणि मंडळं गाड्या भरून शेणी पोचवतात. या दानात मला दोन गोष्टी आवडतात. जे लागतं तेच दिलं जातं, घरात नकोसं झालेलं नव्हे. आणि आपली शेणी कुणाच्या चितेला लागली हे देणाऱ्याला कधीच कळत नाही, जातही कळत नाही. अनोळख्याला देण्याची ही सवय शहराला आहे. ती अंथरुणा-पांघरुणाकडे वळवायची तर थोडी आखणी लागेल.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पुढे गेलं. चिखली-आंबेवाडीत, शिरोळच्या नदीकाठी, कृष्णा आणि पंचगंगा मिळतात त्या नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या टापूत, पूर पुढेही येणार हे सगळे धरून आहेत. मग कपडे गोळा करायला ऑगस्ट कशाला उजाडावा लागतो? एप्रिल-मेमध्ये, जेव्हा वाकळा घालायचे दिवस असतात, तेव्हाच घराघरांतून फक्त सुती कापड घ्यावं, धुऊन, निवडून. कमी पडेल ते इचलकरंजीच्या मागांवर काठ बिघडलेलं, थानातून बाद झालेलं मिळतं. आणि शिवणाऱ्या बायकांना, मग त्या कुठल्याही वस्तीतल्या असोत, ओळीवर किंवा नगावर नव्हे तर दिवसाच्या हिशेबानं रोख मजुरी द्यावी. देणगीदाराला गाठोडं द्यायची मुभा राहीलच, फक्त त्याबरोबर त्या कापडाची शिलाईही त्यानं द्यायची.

यावर व्यवहारी माणूस विचारेल की पुरात वाकळीचा उपयोग काय? तो बरोबरच विचारतो. श्रावणात भिजलेली वाकळ आठ दिवस वाळत नाही, दोघींनी धरून पिळली तरी पाणी सुटत नाही. निवारा केंद्रात पहिल्या पंधरवड्यात हलकं, लवकर सुकणारं ब्लँकेटच हवं. वाकळीची वेळ पुढे येते. नवरात्राच्या आधी कोल्हापुरात घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतात, पंचगंगेचा घाट आणि रंकाळ्याजवळची धुण्याची चावी यांच्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. पूर येऊन गेलेल्या घरात तेव्हा धुवायलाच काही उरलेलं नसतं. टेम्पो परत गेलेले असतात, बातम्या थांबलेल्या असतात आणि थंडी महिन्या-दीड महिन्यावर आलेली असते. मेमध्ये शिवलेल्या वाकळा त्या आठवड्यात पोचवाव्यात.